गुंत्याचा कागद

चौकोन आणि रेघा यांच्यावर माझं पोट चालतं. नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सॉफ्टवेअरची आखणी शिकवते. घर बांधण्याआधी नकाशा काढतात, तसा सॉफ्टवेअर लिहिण्याआधीही काढावा लागतो. त्यात खोल्यांच्या जागी चौकोन असतात, एका चौकोनाचा दुसऱ्याशी काय संबंध ते सांगणाऱ्या रेघा असतात, आणि काही रेघांच्या टोकाला बाण तर काहींच्या टोकाला इवलासा तिरका चौकोन असतो. या तिरक्या चौकोनाला आमची मुलं शंकरपाळी म्हणतात. सुरुवातीला मी यावरून ओरडायचे. आता मीही शंकरपाळीच म्हणते, कारण तेवढं एक चिन्ह वर्गातल्या सगळ्यांच्या लक्षात राहतं.

ओरडायचे म्हणजे खरोखर ओरडायचे. माझा स्वभाव तापट. फळ्यावर धडधडीत आकृती काढलेली असताना समोरचा तिसराच अर्थ सांगायला लागला, की माझं डोकं फिरतं. मंगल कार्यालयाच्या बुकिंगचं उदाहरण मी वर्षानुवर्षं देते. कार्यालय, ग्राहक, तारीख, आचारी, मांडववाला असे चौकोन. तारीख आणि आचाऱ्याची नोंद यांच्यामध्ये काळी शंकरपाळी. तिचा अर्थ एवढाच, की तारीख रद्द झाली की आचाऱ्याची नोंदही आपोआप जाते. हे सगळं समजावून मी विचारते, "तारीख रद्द झाली तर आचाऱ्याच्या नोंदीचं काय होईल?" मागच्या बाकावरून उत्तर येतं, "आचारी इसार परत देत न्हाई मॅडम." आणि सगळा वर्ग माना डोलावतो. ते आकृती वाचतच नसतात, मावसभावाचं मोडलेलं लग्न वाचत असतात. एकदा मी सॉफ्टवेअर वापरणारा माणूस काढला होता. काड्यांचा माणूस, मोठ्या चौकटीच्या बाहेर उभा. नियमच तसा आहे. एका मुलीनं विचारलं, "त्याला आत का घेईनात?" मी तिलाच रागावले.

या चिडचिडीतूनच माझ्या पीएचडीचा विषय निघाला. माणसं हे नकाशे वाचतात कसे? मांडणीनं फरक पडतो का? मी मंगल कार्यालयाचीच आकृती दोन कागदांवर काढली. चौकोन तेच, रेघा तेवढ्याच, शंकरपाळ्या त्याच, खालचे वीस प्रश्नही तेच. पहिल्या कागदावर संबंधित चौकोन जवळ ठेवले, एकही रेघ दुसरीला छेदत नव्हती. दुसऱ्यावर तेच चौकोन इकडेतिकडे फेकले आणि रेघा एकमेकींवरून अशा नेल्या, की कुठली कुठून निघाली ते बोटानं धरून शोधावं लागावं. हा दुसरा कागद काढायला मला फार वेळ लागला. नीट काढायची सवय असलेल्या हाताला गुंता करणं जड जातं. तो जमला तेव्हा मी नवऱ्याला कौतुकानं दाखवला होता.

माझे मार्गदर्शक म्हणाले, "मुलांना आधी काही सांगायचं नाही. कळलं की निकाल बिघडला. सगळं झाल्यावर मात्र सांगून टाकायचं." नियम दोन्ही बरोबर होते. पण त्यातून जे व्हायचं ते मला तेव्हाही दिसत होतं: अर्ध्या मुलांनी चुकावं, ही माझी गरज होती.

प्रयोगासाठी मी लातूरला गेले. लातूर माझं माहेर, आणि तिथल्या एका पॉलिटेक्निकमध्ये माझी मैत्रीण शिकवते. तिनं तिच्या शेवटच्या वर्षाचा वर्ग मला दुपारी दिला. मी आत गेले तर मुलं आधीच एकेका बाकावर एकेक अशी बसलेली, पॅड आणि पेन काढून. मी म्हटलं, "ही परीक्षा नाही. मार्क नाहीत. नाव लिहायचं नाही." सगळ्यांनी समजूतदारपणे मान हलवली. मग एकानं हात वर केला. "मॅडम, निगेटिव्ह मार्किंग हाय का?"

लातूरमध्ये वाढलेल्या मला हे कळायला हवं होतं. या गावात मुलाच्या हातात कागद पडला, की तो परीक्षेचाच असतो. क्लासच्या सराव परीक्षा, रविवारच्या परीक्षा, प्रवेशाच्या परीक्षेच्या आधीच्या परीक्षा. मी कागद एकाआड एक वाटायला लागले तसं मुलांनी आपसात ठरवूनही टाकलं, की हे ए सेट आणि बी सेट आहेत. कॉपी होऊ नये म्हणून प्रश्नांचा क्रम बदलतात ना, तसे. सेट कोणताही आला तरी अवघडपणा सारखाच असतो, असा त्यांचा पक्का विश्वास होता. आणि नाव नको म्हटल्यावर सगळ्यांनी इमानदारीनं उजव्या कोपऱ्यात परीक्षेचा बैठक क्रमांक लिहिला.

जिच्यामुळे हे सगळं सांगते आहे, ती मुलगी खिडकीजवळ बसली होती. तेव्हा मला ती वेगळी अशी दिसलीही नाही. दिसलं ते एवढंच, की एक मुलगी कागदाच्या अगदी जवळ डोकं नेऊन रेघेवर बोट फिरवते आहे, मध्येच थांबते आहे, पुन्हा सुरुवातीला येते आहे. मला आतून बरं वाटलं. गुंता काम करत होता.

सगळे पेपर मैत्रिणीच्या खोलीत बसून मी लगेच तपासले, कारण मला राहवत नव्हतं. फरक डोळ्यांना दिसण्याइतका होता. त्या आनंदात मुलांना दोन कागदांचं गुपित सांगायचं राहून गेलं. वर्ग सुटला होता, नांदेडची गाडी गाठायची होती. मैत्रिणीला म्हटलं, "तू सांगशील ना उद्या?" ती "हो" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या वर्गाला प्रोजेक्टसाठी सुट्टी लागली.

फाटकाशी एक गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी. लातूरकडच्या मुरुडजवळ त्यांची शेती. लेकीला घरी न्यायला आले होते. लेक म्हणजे ती खिडकीजवळची; ती मागे उभी होती.

"नांदेडच्या मॅडम तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं. "आमच्या लेकराला किती पडले?"

मी म्हणायला हवं होतं, की मार्क नाहीतच. पण पेपर पिशवीत वरच होते, आणि इतकी वर्षं पालकांना मार्क सांगणाऱ्या तोंडाला दुसरं काही येत नाही. मी बैठक क्रमांक विचारला, पेपर काढला आणि म्हणाले, "वीसपैकी सहा."

"वरचा किती?"

"अठरा."

त्यांनी मागे वळून लेकीकडे बघितलं नाही. नुसती मान हलवली. मला अवघडल्यासारखं झालं, म्हणून मी जे शिक्षक नेहमी म्हणतात ते म्हटलं. "थोडा सराव पाहिजे." त्यांनी डहाळे माझ्या हातात दिले. "घ्या, रानातलेच हायत." नांदेडपर्यंत मी ते सोलून खात गेले. माझ्या मांडीवर टरफलांचा ढीग झाला होता आणि मी मनात निष्कर्षाची वाक्यं जुळवत होते.

पावसाळ्यात मैत्रिणीचा फोन आला. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "अगं, तुझ्या त्या पेपरनं एक भलतंच झालंय. माझी एक हुशार पोरगी आहे, डिप्लोमाला चांगले टक्के पडले. थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाईल असं मी धरून चालले होते. फॉर्मच भरला नाही. वडिलांनी लातूरला पोलीस भरतीच्या अ‍ॅकॅडमीत घातलंय."

"मग त्यात माझं काय?"

"ते म्हणतात, इथले सर-मॅडम घरचे, मार्क देणारच. नांदेडच्या मॅडम बाहेरच्या. त्यांनी सहा दिले. कॉम्प्युटर तिच्याच्यानं व्हायचं न्हाई."

त्याच आठवड्यात माझा शोधनिबंध स्वीकारल्याचं कळलं होतं, कॉलेजात मी पेढे वाटले होते. निबंधात त्या मुलीचं नाव नव्हतं, क्रमांक नव्हता; गुंत्याच्या गटाच्या सरासरीत तिचे सहा मिसळून गेले होते. असे कमी आकडे नसते तर माझा निष्कर्ष लंगडा पडला असता. म्हणजे पेढे तिच्या चुकांचे होते. आणि तिला त्या चुका माझ्या आहेत हे माहीतही नव्हतं. मला स्वतःची किळस आली. मग मी माझ्या सवयीप्रमाणे मैत्रिणीवर चिडले, की तू त्यांना सांगितलं का नाहीस. ती शांतपणे म्हणाली, "फोनवर सांगून बघितलं. ते म्हणाले, मॅडमनं स्वतः सांगावं. प्रवेशाची शेवटची फेरी अजून राहिलीय. तू ये."

मी रविवारी गेले. लातूरहून मुरुडला जाताना दोन्ही कागद पिशवीत होते, आणि मी काय बोलायचं ते जुळवत होते. जुळत नव्हतं.

घर रस्त्यालगतच होतं. वडिलांनी खुर्ची पुसून दिली. तिची आई चहा ठेवायला आत गेली. मुलगी अ‍ॅकॅडमीतून सुट्टीवर आलेली होती. पायात पळायचे बूट, चेहरा उन्हानं रापलेला. मला बघून तिनं मान खाली घातली. पाहुणे नापास मुलासमोर येतात तेव्हा मुलं घालतात तशी.

मी दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले. "हे बघ. यातला तुझा कोणता?"

तिनं गुंत्याचा ओळखला. मग दुसऱ्याकडे बघितलं. एका कागदावर डावं बोट, दुसऱ्यावर उजवं, अशी ती दोन्हीकडच्या एकाच रेघेवरून हळूहळू गेली.

"हे तर तेच हाय," ती म्हणाली.

"तेच आहे."

वडील वाकून बघत होते. "एक वाफे पाडल्यावाणी दिसायलंय, आन् एक काट्याकुपाट्यावाणी," ते म्हणाले. माझ्या निबंधाची पहिली दोन पानं याहून जास्त काही सांगत नव्हती.

मी सगळं सांगितलं. अर्ध्यांना नीट कागद दिला, अर्ध्यांना मुद्दाम बिघडवलेला. फरक पडतो का ते बघायचं होतं. तुम्ही चुकलात ते तुमच्यामुळे नाही. हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. माझी चूक झाली. बोलताना माझा आवाज वर्गात असतो तसा मोठा होत होता आणि तो खाली येईना.

"मुद्दाम?" तिनं विचारलं.

"हो."

"कुणाला कोणता देयचा, हे कसं ठरवलं?"

"एकाआड एक."

"म्हणजे मी एक बाक पुढं बसले असते तर?"

"तर हा मिळाला असता."

ती रागावेल असं मला वाटलं होतं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त नीट कागद उचलला आणि मांडीवर ठेवला.

वडील मात्र विचारात पडले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, मग एक सांगा. हा चांगला कागद असता, तर तिला अठरा पडले असते का?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मला पक्कं माहीत आहे, कारण ते मी दरवर्षी मुलांना शिकवते. सरासरी गटाची असते, एका माणसाची नसते. नीट कागद मिळालेल्यांमध्येही एकाला पाचच पडले होते. ती त्या दिवशी एक बाक पुढं बसली असती तर काय झालं असतं, हे मला माहीत नव्हतं, आणि कुणालाच कधी कळणार नव्हतं. पण तसं म्हटलं असतं तर त्यांनी फाटकाशी हलवली होती तशी मान हलवली असती, आणि ती पोर उद्या परत पळायला गेली असती.

"हो," मी म्हणाले. "पडले असते."

"अठरा?"

"अठराच्या आसपास."

त्यांचा चेहरा उजळला. "मग भरा फॉर्म," ते लेकीला म्हणाले. "मॅडम म्हणतात तर भरा." तिची आई दारात उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला जेवून जायचा आग्रह धरला. मी थांबले नाही. तिथं बसून घास गिळणं मला शक्य नव्हतं.

मुलगी मला स्टँडपर्यंत सोडायला आली. आम्ही रस्त्याच्या कडेनं चालत होतो. ती पळायची सवय झालेल्या माणसासारखी भराभर चालायची आणि मग माझ्यासाठी थांबायची. स्टँडवर सावलीत उभं राहिल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, अठरा पडले असते, हे तुम्हाला खरंच माहीत होतं?"

मी तिच्याकडे बघितलं. बापाला फसवलं, आता लेकीला फसवायची हिंमत नव्हती.

"नाही," मी म्हणाले.

एक जीप येऊन माणसं भरून निघून गेली.

"अप्पांना सांगू नका," ती म्हणाली.

लातूरपर्यंत मला सारखं वाटत होतं, की मी काहीच निस्तरलेलं नाही. पहिल्यांदा मी विचार न करता सहा सांगितले, दुसऱ्यांदा विचार करून अठरा सांगितले. दोन्ही वेळा तिच्याबद्दल मला काही माहीत नव्हतं, आणि दोन्ही वेळा त्या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला. वर आता या खोट्यात मी त्या मुलीलाही ओढलं होतं. तिला पुढं जड गेलं तर ते ओझं ती एकटीच वाहणार, कारण घरी तर अठरा पडलेले आहेत.

शेवटच्या फेरीत तिला जागा मिळाली, ती नेमकी आमच्या कॉलेजात. मैत्रिणीनं आनंदानं फोन केला. मी "छान झालं" म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या वर्षाला माझा एक विषय असतो. ती मधल्या रांगेत बसते. ओळख दाखवत नाही, टाळतही नाही. उशिरा प्रवेश झालेल्या मुलांना सुरुवातीला जड जातं, तसं तिलाही जातंय. कधी तिला पटकन कळतं, कधी कळत नाही, सगळ्यांचं होतं तसंच. पण तिला कळलं नाही की मी तेच पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागते, आणि कळलं की मी नको इतकी खूश होते. तिचा चाचणीचा पेपर मी शेजारच्या सरांकडून तपासून घेतला. कारण विचारल्यावर ओळखीतली मुलगी आहे म्हणून सांगितलं. किती पडले ते मी विचारलं नाही. बाकी मुलांवर मी आता पूर्वीइतकी ओरडत नाही. त्यांना वाटतं मॅडम निवळल्या. मला माहीत आहे, की मी फक्त एका मुलीला घाबरते.

परवा तास संपायला थोडाच वेळ उरला होता. मी घाईघाईनं बस आरक्षणाची आकृती फळ्यावर काढली. चौकोन जागा मिळेल तिथं टाकले, रेघा एकमेकींवरून गेल्या. मुलं उतरवून घेत होती. मधल्या रांगेतून हात वर झाला. तिनं वर्गात हात वर करायची ही पहिलीच वेळ.

"मॅडम, हे मुद्दाम हाय का?"

दोन-चार मुलं हसली. त्यांना वाटलं ती माझी फिरकी घेते आहे. ती हसत नव्हती. तिचं पेन वहीवर थांबलेलं होतं, आणि उत्तर येईपर्यंत ती ते उचलणार नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "मुद्दाम नाही. घाईत झालंय."

"मग पुसा की मॅडम," ती म्हणाली.

मी फळा पुसला आणि पहिल्या चौकोनापासून पुन्हा काढायला लागले.